पेशींना जेवू घालणाऱ्या कमलताई

मैत्रिणींनो, भंडारा रोड स्टेशनवर, म्हणजे आपल्या वरठीला, विदर्भ एक्स्प्रेसची वाट बघत कधी उभ्या राहिलात तर एक गोष्ट हमखास दिसते. गर्दीत एखादं कुटुंब जरा वेगळं बसलेलं असतं. हातात कपड्यांची पिशवी, पाण्याची बाटली आणि छातीशी धरलेलं एक मोठं पाकीट. त्यात एक्स-रे, रिपोर्ट, नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी. कुठे निघालात म्हणून विचारलं की उत्तर एकाच शब्दात येतं, टाटा. त्यापुढे कुणी काही विचारत नाही. विचारायची गरजच नसते.

परळच्या त्या टाटा रुग्णालयाचं नाव आपल्या जिल्ह्यात घराघरात ठाऊक आहे. पण त्याच आवारात एका मराठी बाईनं आयुष्यातली कितीतरी वर्षं कर्करोगाचा माग काढण्यात घालवली, हे मात्र फार थोड्या जणींना माहीत असतं. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे. त्यांना पद्मभूषण मिळालं, त्यांच्या संशोधनाची नोंद झाली. पण आज मला त्यांच्या ज्या कामाबद्दल सांगायचं आहे, ते कधीच मथळ्यात आलं नाही. कमलताईंनी पेशींसाठी जेवण तयार केलं. खरंच सांगतेय, जेवण!

आता पेशी म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलोय. आपलं सगळं शरीर पेशींचं बनलेलं आहे. टिश्यू कल्चर हा शब्दही आपल्याला नवा नाही. टिश्यू कल्चरची केळी हल्ली सगळीकडे लावतात. केळीच्या कंदाचा छोटासा तुकडा बाटलीत ठेवतात, त्याला खायला घालतात आणि त्यातून हजारो रोपं तयार होतात. माणसाच्या किंवा उंदराच्या शरीरातला तुकडा काढूनही त्यातल्या पेशी अशाच बाटलीत जगवता येतात. त्यातून रोप किंवा माणूस काही तयार होत नाही, बरं का! पण पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार होतात. मग कर्करोगाची पेशी वेडीवाकडी का वाढते, कोणत्या औषधानं मरते, हे माणसाला हात न लावता बाटलीत बघता येतं.

फक्त अट एकच. त्या पेशीला शरीराबाहेर उपाशी ठेवून चालत नाही.

हुजूरपागेतली मुलगी

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आईचं नाव शांताबाई. मुलींना चार अक्षरं आली की पुरे, असं म्हणण्याचा तो काळ. पण दिनकररावांनी मुलीला हुजूरपागेत घातलं. मुलींसाठी निघालेल्या आपल्याकडच्या अगदी जुन्या शाळांपैकी ही एक. पोरगी हुशार निघाली. वडिलांच्या मनात होतं की तिनं डॉक्टरकी शिकावी आणि नवराही डॉक्टरच मिळावा. मुलीनं वेगळाच रस्ता धरला. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन ती विशेष प्रावीण्यानं बी.एस्सी. झाली.

१३ मे १९३९ ला लग्न झालं, ते गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी. लग्न झालं की पोरीचं शिक्षण संपलं, हे तर आपण आजही बघतो. इथे उलट झालं. नवऱ्यानं पुढं शिकायला पाठबळ दिलं. १९४३ मध्ये कमलताई पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाल्या. विषय काय होता माहितीये? सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी आणि त्यांतली गुणसूत्रं! म्हणजे सुरुवात झाली ती आपल्या रानातल्या सीताफळापासून.

मुंबईत संसार मांडल्यावर त्या टाटा रुग्णालयात कामाला लागल्या. तिथे डॉ. वसंत खानोलकर होते. भारतात रोगनिदानशास्त्राचा पाया घालणारे म्हणून त्यांचं नाव घेतात. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी संशोधन सुरू केलं. विषय स्तनाचा कर्करोग. उंदरांच्या चार जाती घेतल्या, त्यांतल्या काहींना हा रोग पटकन होतो, काहींना क्वचित. असं का, हे शोधण्यासाठी त्यांच्या स्तनग्रंथींची तुलना केली. या कामावर १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना पीएच.डी. दिली. तेव्हा त्या घरसंसार असलेल्या, बत्तिशीच्या घरातल्या बाई होत्या. हे मुद्दाम सांगतेय. आता या वयात काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत.

बाल्टिमोरची प्रयोगशाळा

पीएच.डी. झाल्यावर खानोलकरांनीच त्यांना परदेशी पाठ्यवृत्तीसाठी प्रयत्न करायला सांगितलं. ती मिळाली आणि कमलताई अमेरिकेत बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. ही प्रयोगशाळा पुढे जगप्रसिद्ध झाली. १९५१ मध्ये तिथे हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी बाटलीत वाढल्या. पाच लेकरांची ही आई त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि घरच्यांनाही वीसेक वर्षं पत्ता नव्हता, ही त्या गोष्टीतली बोचणारी बाजू.

पण आपला मुद्दा जेवणाचा. गाय पतिपत्नी पेशींना त्या काळी काय खाऊ घालायचे? कोंबडीच्या रक्तातला निवळ, गाईच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतपणानंतर नाळेतून मिळणारं रक्त! हे सगळं ताजं गोळा करून आणायचं, स्वच्छ गाळायचं, मोजून मिसळायचं. मार्गारेट गाय या शिकलेल्या परिचारिका, शस्त्रक्रियेच्या खोलीतली शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली. जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून सगळं कसं हाताळायचं, ते त्यांनीच घालून दिलं होतं. काचेचं भांडं घासल्यावर साबणाचा अंश जरी राहिला, तरी पेशी मरायच्या.

त्याच सुमारास शास्त्रज्ञांपुढे एक प्रश्न होता. रोज वेगळ्या कोंबडीचं, वेगळ्या बाळंतिणीचं रक्त वापरलं तर आजचं जेवण आणि कालचं जेवण सारखं कसं असणार? मग पेशी आज वाढली आणि उद्या मेली, तर ते औषधामुळे की जेवणामुळे, कळायचं कसं? १९५५ मध्ये हॅरी ईगल या अमेरिकन शास्त्रज्ञानं पेशीला नेमकं काय काय लागतं, याची यादी पक्की केली. तेरा अमिनो आम्लं, काही जीवनसत्त्वं, ग्लुकोज, मीठ आणि इतर क्षार. त्याला थोड्या रक्तद्रवाची जोड. हे सगळं पाण्यात मिसळलं की जे पातळ जेवण तयार होतं, त्याला म्हणतात मीडियम.

परळमधला स्वयंपाक

कमलताईंना अमेरिकेत राहता आलं असतं. पण त्या परत आल्या. एवढंच नव्हे, तर परदेशी शिकायला गेलेल्या इतरांनीही मायदेशी येऊन काम करावं, असा त्यांचा आग्रह असे. परळला १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. तिथे त्यांनी ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा सुरू केली. देशातली ही पहिली.

आता डोळ्यांसमोर आणा. प्रयोगशाळा आहे, शिकून आलेली बाई आहे, उंदीर आहेत, पेशी आहेत. पण पेशींना घालायचं काय? बाहेर देशातून मागवायचं तर परकीय चलनाची चणचण. त्यात पातळ मीडियम थंडच ठेवावं लागतं, ते बोटीनं-विमानानं यायचं, बंदरात अडकायचं, तोवर खराब व्हायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कमलताई आणि त्यांच्या जीवशास्त्र-रसायनशास्त्रातल्या सहकाऱ्यांनी ठरवलं की हे आपण इथेच करायचं. त्यांनी ऊती संवर्धनाची मीडियम आणि त्याला लागणारी इतर रसायनं आपल्याच संस्थेत तयार केली.

हे एका वाक्यात सांगून झालं, पण काम वाक्याएवढं नव्हतं. मीडियम तयार करायचं म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते.

आपण भाजीत मीठ घालतो ते अंदाजानं. हाताला सवय असते. इथे अंदाज चालत नाही. पेशीभोवतीचं पाणी थोडं जास्त खारट झालं तर पेशी आक्रसते, जसं कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून त्या मऊ पडतात. कमी खारट झालं तर पेशी पाणी पिऊन फुगते, मनुका भिजत घातल्यासारखी, आणि फुटतेही. काही घटक लिटरला काही ग्रॅम लागतात, तर काही जीवनसत्त्वं लिटरला मिलिग्रॅमभर, म्हणजे चिमटीतसुद्धा येणार नाहीत इतकी. पन्नासच्या आसपास डबे-बाटल्या समोर मांडून एकेक घटक तराजूवर तोलायचा. एक विसरला तरी वरून काहीच दिसत नाही. द्रव दिसायला तसाच. तीन-चार दिवसांनी पेशी मलूल होतात तेव्हा कळतं की काहीतरी चुकलं. काय चुकलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि पाणी! मीडियममध्ये जवळजवळ सगळं पाणीच असतं. नळाच्या पाण्यातले क्षार, पाइपातलं तांबं-लोखंड, हे सगळं पेशीला बाधतं. म्हणून पाणी एकदा नव्हे, दोन-दोनदा ऊर्ध्वपातन करून घेत.

मग निर्जंतुक करायचं. आपण म्हणू, उकळून घ्या की! दूध उकळतो तसं. नाही जमत. उष्णतेनं काही जीवनसत्त्वं आणि ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल नासतं. भांडी प्रेशर कुकरसारख्या यंत्रात वाफवून निर्जंतुक करता येतात, मीडियम नाही. ते अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून दाब देऊन गाळावं लागतं. आता वापरतात त्या गाळणीची छिद्रं ०.२२ मायक्रॉनची असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक मायक्रॉन, आणि त्याच्याही जेमतेम पाव भागाएवढं छिद्र. जंतू वर अडकतात, जेवण खाली येतं.

एवढं करूनही एखादा जंतू आत शिरलाच तर? विरजण लावताना चमचाभर दही दूधभर पसरतं, तसा एक जंतू रात्रीतून सगळ्या बाटलीचा ताबा घेतो. पेशींसाठी मांडलेलं सकस जेवण जंतूंनाही आवडतंच ना! सकाळी बाटली गढूळ दिसली की महिन्याभराचं काम नळाखाली ओतून द्यायचं.

पुडीतलं जेवण

त्याच १९६० च्या दशकात अमेरिकेत लेनर्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञानं मीडियमची कोरडी पूड तयार केली. सगळे घटक कोरडेच, एकजीव होईपर्यंत बारीक दळायचे आणि पुडीत भरायचे. बाळाच्या दुधाची पावडर आपण डब्यातून काढून पाण्यात कालवतो, तसंच. वजनाला हलकी, टिकायला चांगली, पाठवायला सोपी. आज जगभर अशी पूड मिळते, आपल्या मुंबईतही तयार होते.

पण पुडी मिळाली म्हणजे काळजी संपली, असं नाही. आपल्या भंडारा, तुमसर, साकोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या मुली उद्या अशा प्रयोगशाळेत नोकरीला लागतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवते.

आषाढात आपल्या घरातल्या मिठाला पाणी सुटतं ना? ही पूडही तशीच ओल ओढून घेते. म्हणून ती घट्ट बंद करून, अंधारात, फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. फ्रिजमधून काढल्या काढल्या पुडी फोडायची नाही. थंड पुडीवर हवेतली वाफ जमते आणि पूड भिजते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गाठी झालेली, रंग बदललेली पूड सरळ टाकून द्यायची. पुडी फोडली की सगळीच्या सगळी एकदम वापरायची. आज अर्धी, उद्या अर्धी, असा काटकसरीचा विचार इथे महागात पडतो. कारण उरलेल्या अर्ध्या पुडीत ओल शिरते. शिवाय वरच्या आणि तळच्या पुडीतले घटक अगदी सारखेच असतील, याचा भरवसा नाही.

एक लिटर करायचं असेल तर आधी ९०० मिलिलिटरच्या आसपास शुद्ध पाणी घ्यायचं, गरम नाही, आणि त्यात पूड हळूहळू ढवळत विरघळवायची. पाकिटाला आतून चिकटलेली पूडही पाण्यानं विसळून घ्यायची. मग खायचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, सांगितलेल्या मापानं वेगळा घालायचा. तो पुडीत बहुधा आधीपासून नसतो. मग आम्लता तपासायची, ती हवी त्यापेक्षा किंचित आम्ल बाजूला ठेवायची, कारण गाळताना ती थोडी वर सरकते. मग पाणी घालून लिटर पुरा करायचा आणि लगेच गाळून घ्यायचं. बाटलीवर नाव, तारीख, कुणी केलं ते लिहायचं. आपण लोणच्याच्या बरणीवर कुठे लिहितो? इथे लिहावंच लागतं.

मीडियमला लालसर रंग असतो, तो फिनॉल रेड नावाच्या रंगद्रव्याचा. साडीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे आपण रोज बघतो. तशीच ही गंमत. मीडियम ठीक असलं तर लाल, आंबलं की पिवळं, उलट बाजूला गेलं की जांभळट. बाईनं दुरून बाटलीकडे नजर टाकली तरी पेशींची तब्येत कळते.

तयार मीडियमही फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर ठेवायचं. उजेडानं त्यातलं रायबोफ्लेविन बिघडतं आणि पेशींना बाधणारे पदार्थ तयार होतात. ग्लुटामिन तर फ्रिजमध्येही हळूहळू विघटत जातं. म्हणून जास्त करून ठेवू या, पुढं कामी येईल, हा आपला पापड-कुरडयांचा न्याय इथे लावायचा नाही. लागेल तेवढंच करायचं.

त्या जेवणावर काय काय वाढलं

मीडियम हाताशी आलं आणि परळच्या केंद्रातलं काम फोफावलं. कमलताईंनी तिथे कर्करोग कसा उद्भवतो याचा अभ्यास करणारा विभाग, पेशी जीवशास्त्राचा विभाग आणि प्रतिकारशक्तीचा विभाग, असे नवे विभाग उभे केले. रक्ताचा, स्तनाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्यांनी अभ्यासला. शरीरातली संप्रेरकं, विषाणू आणि कर्करोग यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या उंदरांवर आणि पेशींवर तपासत राहिल्या. स्तनाच्या कर्करोगाचं आनुवंशिकतेशी नातं असू शकतं, हे आपल्या देशात मांडणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्या होत्या. आज आई-मावशीला हा आजार होता का, असं डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात. त्या प्रश्नामागे जगभरच्या अनेकांची मेहनत आहे, त्यात कमलताईंचाही वाटा आहे.

कुष्ठरोगावरही त्यांनी काम केलं. हा आजार आपल्या भागाला अनोळखी नाही. कुष्ठरोग्याच्या गाठीतून मिळालेला एक जंतू त्या, डॉ. बापट आणि खानोलकर यांनी प्रयोगशाळेत वाढवला आणि १९५८ मध्ये ते जाहीर केलं. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू असं नाव पडलं. पुढच्या तपासात तो खऱ्या कुष्ठजंतूचा भाऊबंद निघाला. पण त्यापासून कुष्ठरोगावरची लस तयार झाली आणि महाराष्ट्रात तिच्या चाचण्याही झाल्या. खरा कुष्ठजंतू मात्र आजवर कुणालाही कृत्रिम जेवणावर वाढवता आलेला नाही. त्याला काय आवडतं, हे अजून कुणाला सापडलेलं नाही. मुलींनो, हे काम तुमची वाट बघतंय!

१९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचं पारितोषिकही. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. १९८२ मध्ये पद्मभूषण. सन्मान झाले ते शोधांचे, आणि ते योग्यच. पण मला राहून राहून वाटतं, तराजूवर मिलिग्रॅम तोलण्यात, बाटल्या धुण्यात, रात्रीतून गढूळ झालेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यात जे दिवस गेले, त्यांची नोंद कुठे होते? आपल्या घरातही असंच असतं ना! पंगत उठते, वाढणाऱ्याचं कौतुक होतं, चुलीजवळच्या बाईचं नाव कुणी घेत नाही. म्हणून कमलताईंचं हे काम आज मुद्दाम पुढं मांडलं.

बायकांसाठी, लेकरांसाठी

कमलताईंना ठाऊक होतं की आपल्याला वडील, नवरा आणि गुरू तिघेही चांगले मिळाले. प्रत्येकीला ते मिळत नाहीत. मग मुलगी शिकून शास्त्रज्ञ झाली तरी बाळंतपण, बदली, सासरची मर्जी यात तिचं काम सुटतं. १९७३ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांनी मुंबईत भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. पुढे वाशीला तिची वास्तू झाली. तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आहे, लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. भाषणापेक्षा पाळणाघर किती कामाचं, हे कामावर जाणाऱ्या प्रत्येक आईला पटेल.

आणि निवृत्तीनंतर? मुंबईत आरामात बसता आलं असतं. पण कमलताई गेल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूरला. तिथल्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. कोणतं लेकरू काय खातं, कशात कमी पडतं, याची माहिती गोळा केली. आसपासच्या गावांतल्या बायकांना आरोग्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या.

मला त्यांच्या आयुष्यातलं हे शेवटचं पर्व फार जवळचं वाटतं. पेशीला तेरा अमिनो आम्लं लागतात, त्यातलं एक जरी कमी पडलं तरी ती वाढत नाही, हे त्यांनी बाटलीत बघितलं होतं. लेकराच्या ताटात नुसता भात असेल तर काय होतं, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. आपला जिल्हा धानाचा. पोट भाताने भरतं, पण वरण, दूध, अंडं, हिरवी भाजी, लाखोळीची नाहीतर चण्याची ओली भाजी, यातलं काही ताटात आहे का, हे बघणं आपल्याच हातात आहे. गर्भार पोरीच्या ताटाचं तर विचारायलाच नको.

११ एप्रिल २००१ ला कमलताई गेल्या. परळच्या त्या संस्थेतलं संशोधन पुढे नवी मुंबईत खारघरला गेलं. २०२१ मध्ये त्यांच्या वाढदिवशी गूगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी ज्या आजाराचा पाठपुरावा केला तो अजून संपलेला नाही. वरठीच्या फलाटावर छातीशी पाकीट धरलेली बाई आजही दिसते. पण पूर्वी ज्या गाठीपुढे डॉक्टर हात टेकायचे, त्यातल्या कितीतरी आज वेळेवर कळल्या तर बऱ्या होतात.

म्हणून जाता जाता एकच विनवणी. आंघोळीच्या वेळी छातीत गाठ हाताला लागली, न दुखणारी असली तरी, तर लाजू नका, लपवू नका, सणवार-लग्नसराई उरकू द्या असं म्हणू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या पोरीला रसायनशास्त्राची आवड असेल तर तिला शिकू द्या.